बैठकांनंतरचं माप

नोव्हेंबर २००३, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. सोमवारी आमची गल्ली बंद असते, म्हणून परत आलेला माल लावायचं काम मी त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. दिवाळीत विकलेल्या जीन्स दिवाळीनंतर परत येतात. साड्या येत नाहीत, पंजाबी ड्रेस क्वचित येतात, जीन्स मात्र ठरल्यासारख्या येतात. शटर अर्धं वर करून, खाली चादर अंथरून मी दोन ढीग करत बसले होते. मांडीत घट्ट होणाऱ्यांचा एक आणि कमरेत सैल होणाऱ्यांचा दुसरा. एक गडद निळी पँट हातात आली. ती आधी एका मुलीनं मांडीत घट्ट म्हणून आणून दिली होती. मी ती पुन्हा विकली, तर दुसरीनं कमरेत सैल म्हणून परत केली. आता ही कुठल्या ढिगात ठेवायची? बराच वेळ ती हातात धरून बसले आणि शेवटी दोन्ही ढिगांच्या मध्ये ठेवली.

राजारामपुरीत माझं बायकांच्या तयार कपड्यांचं दुकान. आता भाची बघते, मी दुपारची जाऊन बसते. दुकानाआधी मी घरी ब्लाउज शिवायचे, त्यामुळे कात्री आणि मशीन हाताखालचं. दुकान टाकलं ते नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. तेव्हा जीन्स वरच्या कप्प्यात असायच्या आणि कुणी मागितली तरच खाली यायच्या. मुलगी आत घालून बघायची आणि आई पडद्याबाहेर पहारा द्यायची. दोन हजार साल उलटेपर्यंत जीन्स खाली आल्या आणि सलवारी वर गेल्या. माझा गोंधळ मात्र पहिल्या दिवसापासून तोच राहिला. ही पँट नेमकी कुठल्या बाईसाठी कापलेली असते?

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जीन्सवर जो आकडा असतो तो कमरेचा. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. सीट, मांडी, गुडघा, पोटरी ही सगळी मापं कंपनी त्या कमरेवरून ठरवते. म्हणजे कंपनीच्या कागदावर एक बाई असते. तिची कंबर वाढली की मांडी ठरल्या हिशोबानं वाढते, कंबर उतरली की मांडी उतरते. ही आज्ञाधारक बाई माझ्या दुकानात कधी आली नाही. यायच्या त्यांची कंबर तिच्याएवढी आणि मांडी तिच्या दीडपट. चरबी म्हणाल तर नाही, टेप लावताना हाताला पाटा लागावा तशी मांडी. आमच्या जिल्ह्यात अशा पायांना तोटा नाही. ओल्या वैरणीचा भारा घेऊन उतार उतरणाऱ्या, खो-खो खेळणाऱ्या, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या. त्यांच्या मांडीला बसेल अशी पँट दिली की मागे कमरेत अख्खी मूठ जाते. कमरेला बसेल अशी दिली की ती गुडघ्याच्या वर सरकत नाही. वरून पट्टा आवळला तर मागे पोत्याचं तोंड बांधल्यासारख्या चुण्या पडतात.

सैल कंबर आवळणं त्यातल्या त्यात सोपं. मागचा पट्टा उसवायचा, मधल्या शिवणीत वर रुंद आणि खाली निमुळतं असं कापड आत घ्यायचं, पट्टा पुन्हा चढवायचा. फार आत घेतलं की मागचे दोन खिसे एकमेकांना येऊन चिकटतात आणि तिसराच काहीतरी प्रकार दिसायला लागतो. घट्ट मांडी सैल करणं मात्र जवळजवळ अशक्य. ब्लाउजला आपण आत जादा कापड सोडतो, अंग भरलं की एक शिवण उसवतो. जीन्सच्या आत कंपनी काही सोडत नाही. बाई पँट घेतल्यानंतर बदलेल हे कंपनीला मान्यच नाही.

मलकापूरकडच्या एका शाळेतल्या खेळाच्या बाई होत्या. त्यांची पँट पोटरीत अडकली. वर जाईना आणि खालीही येईना. मी पडद्याबाहेरून विचारलं, मदत करू का? आतून शांतपणे आवाज आला, “थांबा, तासाला मुलं आवरतो, ही काय आवरायची न्हाई व्हय?” अर्ध्या तासानं त्या घामाघूम होऊन बाहेर आल्या आणि दुपट्टा घेऊन गेल्या. दुसऱ्या एक पोलिसात होत्या. त्यांनी पँट घालून आरशात पाहिलंसुद्धा नाही. तशाच दुकानाबाहेर गेल्या आणि समोर लावलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर टांग टाकली. पँट मागून फाटली. “बरं झालं, हितंच फाटली,” म्हणाल्या. अशा वेळी रागवायचं की त्यांचं बरोबर आहे म्हणायचं, हे मला ठरवता यायचं नाही.

तर त्या सोमवारी मी ढीग करत होते आणि अर्ध्या शटरखालून एक अवाढव्य माणूस वाकून आत आला. मोडलेले कान, डोक्याला टोपी. चपला त्यानं पायरीखालीच काढल्या होत्या. आत आल्यावर त्यानं पुतळ्यांकडे पाठ केली, कारण त्यांच्या अंगावर त्या दिवशी काही नव्हतं.

“दुकान बंद हाय व्हय?”

“बंद हाय, पण बोला की.”

ते गडमुडशिंगीचे वस्ताद. शहरातल्या तालमींच्या लाल मातीत मुलींना उतरू देत नाहीत म्हणून त्यांनी घरामागच्या शेडमध्ये गादी टाकली होती आणि पाच-सहा मुलींना कुस्ती शिकवत होते. त्यांतली एक भाग्यश्री. गडहिंग्लजच्या एका भुसार व्यापाऱ्याची मुलगी, कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून कॉलेज करणारी. तिचं नाव घेतल्यावर मला आठवली. दिवाळीआधी आली होती, माझ्याकडे होत्या तेवढ्या सगळ्या पँटी घालून पाहिल्या होत्या आणि एकही न बसल्यावर प्रत्येकीची नीट घडी घालून ठेवून गेली होती. घड्या घालून जाणारं गिऱ्हाईक लक्षात राहतं.

वस्तादांनी उभ्या उभ्या सांगितलं ते असं. पंधरा दिवस झाले, भाग्यश्री सगळी मेहनत करते, पळते, दोर चढते, पण बैठका म्हटलं की गप्प उभी राहते. बैठकांशिवाय पैलवानाच्या पायात काय राहणार? शेवटी दम दिल्यावर म्हणाली, बैठका मारल्या की मांडी वाढते आणि मांडी वाढली की पँट बसत नाही. वस्तादांना वाटलं ट्रॅकसूटची तक्रार आहे. त्यांनी मोठ्या मापाचा नवा ट्रॅकसूट आणून दिला. तो बघून ती रडायला लागली.

“आता तुम्हीच सांगा वैनी,” ते म्हणाले, “मांडीसाठी पँट असती का पँटीसाठी मांडी?”

मी समोरच्या दोन ढिगांकडे बघितलं. “दुकानदाराला विचारशीला, तर पँटीसाठी मांडी.”

यावर त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग जे सांगितलं त्यानं मी हातातलं काम खाली ठेवलं. डिसेंबरात पुण्याला राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. भाग्यश्रीच्या वडिलांनी तीन वर्षं दिली होती. यंदा निवड झाली तर खेळायचं, नाही झाली तर कॉलेज, हॉस्टेल, कुस्ती सगळं बंद करून गावाकडे. स्थळं बघून ठेवलेली होती. मुलगी हे सगळं जाणून होती आणि तरीही एका पँटीसाठी बैठका मारत नव्हती. मला ते पटेना. वस्तादांनाही पटत नव्हतं, पण त्यांना निदान कुणावर तरी रागवायचं होतं, म्हणून ते माझ्या दुकानात आले होते.

“घेऊन या तिला,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी ती आली. ठेंगणी, गव्हाळ, केसांचा शेपटा घट्ट बांधलेला. आमच्याकडच्या मुलींसारखीच मी येतो, मी जातो असं बोलणारी. वस्ताद रस्त्याकडे तोंड करून बसले. मी तिला सरळ विचारलं, एवढं जीन्सचं काय आहे? कुणाला दाखवायची आहे का? ती म्हणाली, कुणाला नाही. हॉस्टेलच्या मुली रविवारी जीन्स घालून रंकाळ्यावर फिरायला जातात, तिलाही जायचं होतं.

“मग ट्रॅकसूट घालून जा की,” बाहेरून वस्ताद.

“ट्रॅकसूटमधे मी सराव करतो,” ती म्हणाली. “फिरताना बी सरावालाच निघाल्यासारखं वाटतंय.”

हे बोलणं मला कळलं. वस्तादांचंही कळत होतं. दोघांचंही कळत असलं की माणसाला काहीच कळत नाही. तेवढ्यात हॉस्टेलवर अव्वाचा, म्हणजे तिच्या आईचा, फोन यायची वेळ झाली म्हणून ती निघाली. जाताना पडदा सरळ करत म्हणाली, “काकू, पँट बसली तर बैठका मारतो.” वस्तादांनी ऐकलं. आता दोघंही माझ्याकडे बघायला लागले. पैलवान मी नव्हते, पँटही माझी नव्हती, आणि तरी सगळं माझ्यावर येऊन बसलं.

पहिल्यांदा मी सोपं काम केलं. पुरुषांच्या दुकानातून पँट आणली. मांडीत अगदी व्यवस्थित झाली, पण पुढे आणि सीटला नको तिथं कापड आणि हवं तिथं नाही. भाग्यश्रीनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, “ही भावाची मागून आणल्यासारखी दिसत्या.” खरंच तशी दिसत होती.

मग बायकांचीच एक पँट घेतली, दोन्ही बाजूंच्या शिवणी कमरेपासून खालपर्यंत उसवल्या आणि मध्ये उभ्या पट्ट्या घातल्या. त्याच रंगाचं कापड मिळालं नाही, जवळपासचं मिळालं. मांडी बसली. पोटरीसुद्धा बसली. मी खूश होते. भाग्यश्री बाहेर आली, वळून बघितलं आणि विचारलं, “काकू, बाजा कुठाय?” वस्तादांनी मान फिरवून पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदाच हसू आलं. बँडवाल्याच्या पँटीला बाजूनं पट्टी असते तशीच ती झाली होती. मी ती उसवून टाकली.

तेव्हा वस्तादांनी दत्तूमामांचं नाव काढलं. मंगळवार पेठेत एका तालमीच्या बोळात त्यांचं दुकान होतं आणि ते पैलवानांचे जांघिये शिवायचे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, पैलवानाचा जांघिया म्हणजे साधी चड्डी नव्हे. जाड कापडाचे थर एकावर एक ठेवून, जवळ जवळ शिवणी मारून तो करतात. जन्मभर मांड्याच मापणारा माणूस आपल्याला काहीतरी सांगेल, असं मला वाटलं. मी लक्ष्मीपुरीतून जीन्सचं कापड मीटरवर घेतलं, भाग्यश्रीचं माप घेतलं आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवलं. दत्तूमामांनी कापड अंगठ्यानं चोळलं. बायकांचं काम कधी केलं नव्हतं, पण पैलवानाचं आहे म्हटल्यावर तयार झाले.

आठवडाभरात पँट तयार झाली. शिवण अशी की कंपनीनं हात जोडावेत. भाग्यश्री पडद्याआड गेली आणि बराच वेळ धडपड ऐकू आल्यावर बाहेर आली. पँट दिसायला उत्तम होती. कमरेला बसलेली, मांडीला बसलेली, कुठे एक सुरकुती नाही. खिसे मात्र नव्हते. पट्टा ओवायच्या पट्ट्याही नव्हत्या. ती खुर्चीत बसायला गेली आणि अर्ध्यावरच थांबली. वाकता येत नव्हतं. मी म्हटलं, काढ. ती आत गेली. पाच मिनिटांनी पडद्यामागून आवाज आला, “काकू, निघंना.” मी आत गेले. धरून ओढायला कुठे काही सापडेना. कापड चिमटीतही येत नव्हतं. शेवटी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या आक्का आल्या, त्यांनी भाग्यश्रीला काखेतून धरलं, मी पायाशी बसून दोन्ही पायांकडून ओढलं, आणि तिघी धापा टाकत खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी पँट घेऊन मी दत्तूमामांकडे गेले. म्हटलं, मामा, ही निघत नाही. त्यांनी पँट हातात घेऊन कौतुकानं उलटसुलट केली.

“निघंल कशी? कुणाच्या बापाला धरता याची न्हाई. चिमटीत घावली तर तो जांघिया कसला?”

“अहो, पण ती अंगातनं निघाय नको का?”

“निघाली पायजे असं तुम्ही बोलला न्हाईसा,” ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या धंद्यात कपडा चांगला म्हणजे समोरच्याच्या हाताला न लागणारा. माझ्या धंद्यात चांगला म्हणजे काय, हे मी इतक्या वर्षांत एका वाक्यात सांगू शकले नसते. पण एक गोष्ट मी तिथं पाहिली. मी बोलत असताना एक पैलवान माप द्यायला आला, आणि माप देण्याआधी त्यानं बोळातच पन्नासेक बैठका मारल्या. मामांनी त्याच्या तापलेल्या मांडीला दोरी लावली. आम्ही माप घेताना काय सांगतो? सरळ उभी राहा, पाय जुळव, श्वास सोड. म्हणजे ज्या बाईचं माप आम्ही घेतो ती फक्त माप देतानाच तशी असते. पुढे ती बसते, जिना चढते, मोटारसायकलवर टांग टाकते.

परत येऊन मी भाग्यश्रीला बोलावलं आणि सांगितलं, मला फुगलेल्या मांडीचं माप पाहिजे. मार बैठका. ती माझ्याकडे आणि मग वस्तादांकडे बघत राहिली.

“मापासाठी मारतो,” ती म्हणाली. “कुस्तीसाठी न्हाई.”

“मापासाठीच मार, बाई.”

दुकानामागं थोडी मोकळी जागा होती. तिथं ती सुरू झाली. आक्का आणि त्यांच्याकडच्या दोघी बघायला आल्या. वस्ताद भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. संपल्यावर मी टेप लावला, ती खाली उकिडवी बसली तेव्हा पुन्हा लावला, आणि दोन मापांत एवढा फरक आला की मी टेप उलटा धरला का ते तपासून पाहिलं.

या वेळी मी स्वतः कापलं. मागचा भाग कमरेपाशी वर चढवला, म्हणजे बसल्यावर पाठ उघडी पडत नाही. सलवारीला जांघेत घालतो तसा एक चौकोनी तुकडा घातला. आणि मांडीच्या शिवणीत, ब्लाउजला सोडते तसं आत जादा कापड सोडलं. जीन्समध्ये असं कुणी करत नाही. आतून जाड होतं, दिसायलाही ओबडधोबड. चार दिवसांनी भाग्यश्री घालून बघायला आली, आधी बैठका मारल्या आणि पँट चढवली, तर मांडीत घट्ट.

मी माप पुन्हा बघितलं. माप बरोबर होतं. टेप लावला, तर मांडी वाढली होती.

“शेडमधे बी मारालीस काय?” मी विचारलं.

ती खाली बघून म्हणाली, “मापात चूक नको म्हणून.”

मी एक शिवण उसवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. पुन्हा उसवली. हा काय प्रकार आहे हे मला समजेना. पँट बसली तर ती बैठका मारणार होती, पण पँट बसायच्या आधीच मारत होती, आणि मारत होती म्हणून पँट बसत नव्हती. मी वस्तादांना म्हटलं, आता तिला थोडं थांबवा, नाहीतर पँट कधीच पुरी होणार नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझं बोलणं ऐकू आलं.

चाचणीच्या आधीच्या मंगळवारी पँट बसली. मांडीत बसली, कमरेत बसली, मागे चुणी नाही, खिसे खिशांच्या जागी. ती खुर्चीत बसली, उठली, उकिडवी बसली, दुकानाच्या पायऱ्या दोनदा चढली-उतरली. मग आरशासमोर उभी राहिली आणि मान वळवून स्वतःला मागून, बाजूनं, पुन्हा मागून बघत राहिली. आक्का म्हणाल्या, “दृष्ट काढा पोरीची.” ती तशीच, पँट घालून, राजारामपुरीच्या रस्त्यानं चालत गेली. मी दारात उभी राहून ती वळणापर्यंत जाताना पाहिली. वाटलं, झालं एकदाचं.

झालं नव्हतं. शुक्रवारी दुपारी ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. रात्रीच्या एसटीनं पुण्याला जायचं होतं. तिनं पिशवीतून पँट काढून गल्ल्यावर ठेवली. रंग गेलेला, कापड कडक, पाय घोट्याच्या वर चढलेले. मांडीपाशी टेप लावला तर चांगली दोन बोटं आटलेली.

“हे काय केलंस?”

तिनं सांगितलं. बुधवारी वस्तादांनी काट्यावर उभं केलं, तर वजन तिच्या गटाच्या वर. बैठकांनी मांडी भरली होती आणि भुकेनं खाणंही वाढलं होतं. शनिवारी पुण्यात वजन घेणार. जादा भरलं तर वरच्या गटातल्या थोराड मुलींशी लढायचं, म्हणजे घरी जायचं. अशा वेळी पैलवान अंगावर जाड जाड कपडे चढवून पळतात आणि घामानं वजन उतरवतात. वर दोन स्वेटर आणि रेनकोट होता. पायात काय घालायचं? ट्रॅकसूट पातळ. तिच्याकडे जाड असं एकच होतं. ती माझी पँट घालून दोन दिवस रंकाळ्याभोवती पळली. रात्री पँट गरम पाण्यात भिजवून धुतली आणि गच्चीवर वाळत टाकली, तर ती आटली.

महिनाभर मी त्या पँटीवर जीव काढला होता. रागावले असते, पण तिचे गाल आत गेले होते आणि ओठ सुकले होते. उपाशी माणसावर ओरडता येत नाही.

“दुसरं काय सापडलं न्हाई व्हय तुला?”

“काकू, दोन दिवस पळलो,” ती म्हणाली. “कुठं काचली न्हाई.”

माझ्या कामाचं एवढं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही. ते कौतुक होतं की नाही हेही मला नक्की सांगता येणार नाही, कारण ते बोलताना ती पँटीकडे बघत नव्हती, दुकानातल्या घड्याळाकडे बघत होती. वजन उतरलं का विचारलं. म्हणाली, थोडं राहिलंय, पाणी बंद केलंय. मग पिशवी तिथेच ठेवून गेली. या वेळी घडी घातली नव्हती.

शनिवार तसाच गेला. गिऱ्हाईक आलं, गेलं. मी दोनदा चुकीचं माप काढून दिलं. रविवारी दुपारी आक्का विचारून गेल्या, संध्याकाळी पुन्हा विचारून गेल्या. पुण्यात काय चाललं असेल, ती वजनात बसली का, कुणाशी गाठ पडली, यातलं मला काहीच समजलं नसतं, तरी प्रत्येक फोनला मीच धावत होते. दिवे लागल्यावर वस्तादांचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता. ते सावकाश बोलले.

“संघात लागली, वैनी.”

मी खुर्चीत बसले. आक्का दारातच उभ्या होत्या, त्यांना मान हलवून सांगितलं. वस्ताद पुढे म्हणाले, वजनात सुतानं बसली, पहिल्या दोन कुस्त्या सोप्या गेल्या, शेवटची अवघड होती. खाली गेली होती, पण गुडघ्यावर उठली. तिथनं उठणं पायाचं काम, असं म्हणाले. वडिलांना फोन केला होता. ते काय म्हणाले ते मी विचारलं, तर वस्ताद म्हणाले, ऐकून घेतलं आणि फोन अव्वाकडे दिला. मग ते खाकरले.

“आता दोन महिने कॅम्प हाय. तिला एक पँट शिवा.”

“कुठल्या मापानं?”

“आत्ताच्या नको. कॅम्पात मेहनत जास्त, मांडी अजून भरंल. त्या हिशोबानं शिवा.”

“अहो, पण किती भरंल?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मांडीसाठी पँट शिवायची म्हटल्यावर एवढं तर कराय पायजे.”

मग भाग्यश्रीनं फोन घेतला. कुस्तीचं काही सांगितलं नाही. तिच्या तोंडात घास होता. “काकू, जेवालोय,” एवढं म्हणाली, आणि थोडं थांबून, “खिसे जरा मोठे करा.” फोन बंद झाला.

रात्रभर मी हिशोब करत राहिले. अजून नसलेल्या मांडीचं माप कसं घेतात? आणि कॅम्पात पुन्हा वजन वाढलं, पुन्हा ती त्या पँटीतून पळाली, तर? वजन उतरवून मग घालणार की घालून वजन उतरवणार? ती मुलगी ती पँट घालून कधी नुसती फिरायला जाईल का, हेही मला समजत नव्हतं. विचारायचं राहून गेलं होतं.

सकाळी सोमवार होता, दुकान बंद. लक्ष्मीपुरीतून आणलेलं जीन्सचं कापड अजून उरलं होतं. मी ते मागच्या मोकळ्या जागेत नेलं, टेपनं लांबी-रुंदी मोजली आणि बादलीत गरम पाणी ओतून त्यात दाबून बुडवलं. पाणी निळं झालं. किती मापानं कापायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण कापडाला आटायचं तेवढं आधीच आटू दे म्हटलं.